सकाळचा पहिला सेल्फ

गाडी रात्रभर उभी असते. सकाळी चावी फिरवली की दोन-तीन सेकंद बॉनेटखालून खडखड ऐकू येते आणि मग सगळं शांत. ऑफिसला जाताना आवाज नसतो, संध्याकाळी परतताना नसतो. शनिवारी वेळ काढून गाडी गॅरेजला न्यावी, तर तिथे पोहोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलेलं. मेकॅनिक चार वेळा सेल्फ मारतो, कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, "काही नाही साहेब, गाडी एकदम ओके आहे." तो खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर उभी असलेली गाडी खरोखरच ठीक असते. आजारी असते ती सकाळची गाडी, आणि ती त्याने पाहिलेलीच नसते.

इंजिन सुरू होतानाच्या आवाजांबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक आवाजाच्या जातीभोवती फिरतं. टकटक असेल तर हे, खरखर असेल तर ते. या याद्या चुकीच्या नाहीत, पण पुऱ्याही पडत नाहीत. एकाच टकटकीची पाच कारणं असू शकतात. इतकी वर्षं गाड्या वापरून आणि गॅरेजांच्या बाकड्यांवर बसून माझं मत असं झालं आहे, की आवाज कसा आहे हे नंतर विचारावं. तो कधी आला आणि कधी गेला, हे आधी. चावी फिरवल्यापासून इंजिन गरम होईपर्यंतच्या काळाचे तुकडे पाडले, तर प्रत्येक तुकड्यात गाडीचे ठरावीक भागच कामाला लागलेले असतात, आणि संशयितांची संख्या आपोआप कमी होते.

सुरुवात इंजिन फिरण्याच्याही आधीपासून होते. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत चावी 'ऑन'वर आणली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते. तो टाकीतला पेट्रोल पंप. हा आवाज चांगला असतो, आणि एखाद्या दिवशी तो आलाच नाही व गाडी नुसती फिरून चालू होईना, तर ती शांतताच लक्षण आहे: पंपाचा फ्यूज, रिले किंवा खुद्द पंप. काय ऐकू आलं नाही, हेही सांगावं लागतं.

पुढचा क्षण सेल्फचा. स्टार्टर मोटरला आपल्याकडे सगळे सेल्फच म्हणतात, आणि ते नाव योग्यच आहे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर आला. तोवर लोखंडी हॅण्डल घालून इंजिन हाताने फिरवावं लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. आपल्याकडे अॅम्बॅसॅडर आणि जीपच्या डिकीत हे हॅण्डल नंतरही बरीच वर्षं असायचं. हॅण्डल मारणाऱ्याला इंजिनाची अवस्था हातालाच कळायची. कोणता सिलिंडर घट्ट आहे, कोणता ढिला, हे दांडीच्या विरोधावरून समजे. सेल्फ आल्यावर ती खबर हाताकडून कानाकडे आली.

चावी फिरवल्यावर 'कटकटकटकट' असा भरभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. आत काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. सेल्फवरच्या सोलेनॉइडची दांडी आत ओढली जाते आणि मोटरचा मोठा संपर्क जुळतो. मोटर एकदम शंभर-दोनशे अॅम्पिअर करंट मागते, अशक्त बॅटरीचा दाब कोसळतो, दांडी सुटते. भार गेला की दाब पुन्हा वर येतो आणि दांडी पुन्हा ओढली जाते. सेकंदात कित्येक वेळा हेच चालू. याउलट एकच ठसठशीत 'टक' आणि पुढे काही नाही, तर दांडी आत गेली पण करंट पुढे पोचला नाही किंवा पोचूनही मोटर फिरली नाही: सोलेनॉइडचे संपर्क जळलेले, सेल्फचे कार्बन झिजलेले, अर्थिंगची पट्टी गंजलेली, क्वचित इंजिनच अडकलेलं. हेडलाइट लावून सेल्फ मारला तर निम्मं कोडं सुटतं. दिवे अगदी मिणमिणते झाले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दिवे तसेच लख्ख राहिले तर करंट मोटरपर्यंत जातच नाही.

इथे कानाबरोबर मल्टिमीटर हवा, आणि तो काही महाग नसतो. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली. सेल्फ मारत असताना दाब साडेनऊच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू झाल्यावर तो साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. शेवटचा आकडा कमी असेल तर नवी बॅटरी घालूनही पंधरा दिवसांत तीच कटकट सुरू होते, कारण दोष ती चार्ज करणाऱ्या ऑल्टरनेटरमध्ये असतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी साफ न करताच नवी बॅटरी विकली गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. आधी टर्मिनल सोडवून कोमट पाण्याने धुवा, घासा, घट्ट आवळा. मग बॅटरीचं बघा.

दातावर दात घासल्यासारखा 'खर्रर' आवाज सेल्फच्या पिनियनचा. हा छोटा दातेरी गियर पुढे सरकून फ्लायव्हीलच्या रिंग गियरमध्ये अडकतो आणि इंजिन फिरवतो. गॅरेजात याला बेंडिक्स म्हणतात. बेंडिक्सचा एकमार्गी क्लच घसरू लागला की मोटर नुसतीच 'सुंई' करत फिरते, इंजिन जागचं हलत नाही. 'खर्रर' कधी येते, कधी येत नाही, यामागचं कारण मला फार आवडतं. बंद होताना इंजिन कॉम्प्रेशनच्या विरोधामुळे थांबतं, म्हणून चार सिलिंडरचं इंजिन बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोनच जागांवर येऊन उभं राहतं. त्यामुळे पिनियन रिंगच्या त्याच दोन जागी पुनःपुन्हा आदळतो आणि तिथलेच दात झिजतात. गियर टाकून गाडी वीतभर ढकलली आणि मग सेल्फ नीट लागला, तर रिंगच झिजली आहे असं समजावं. नुसता सेल्फ बदलून भागणार नाही.

आता इंजिन फिरतं आहे, पण अजून पेटलेलं नाही. हा एक-दोन सेकंदांचा तुकडा सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि माझ्या मते सर्वांत बोलका. निरोगी इंजिन सेल्फवर ठेक्यात फिरतं. प्रत्येक सिलिंडर दाबाला आला की मोटर किंचित जड होते, सुटला की हलकी. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं तर ठेका लंगडतो. तीन जड, एक हलका. आणि ठेकाच नाहीसा होऊन इंजिन शिवणयंत्रासारखं सरळ, भरभर, विनाविरोध फिरू लागलं, तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारू नये. अनेक इंजिनांत बेल्ट तुटल्यावर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतात, आणि प्रत्येक जादा फेरीगणिक खर्च वाढत जातो. आजची चांगली गॅरेजं बॅटरीच्या तारेवर करंट मोजणारा चिमटा लावून ऑसिलोस्कोपवर हाच ठेका रेघेच्या रूपात बघतात. चार उंचवट्यांपैकी एक बुटका दिसला की सिलिंडर सापडला. जे जुना मिस्त्री कानाने ओळखायचा, तेच यंत्र चित्र काढून दाखवतं.

याच तुकड्यातला एक आवाज पावसाळ्यात गाड्या संपवतो. सेल्फ मारताच 'ठक' होऊन सगळं एकदम अडतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हिशेब करून बघा: १,२०० सी.सी.च्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सी.सी. येतात, आणि कॉम्प्रेशनचं प्रमाण दहास एक धरलं तर पिस्टन अगदी वर असताना जेमतेम ३३ सी.सी. जागा उरते. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला वाटच नाही. डिझेलमध्ये ही जागा वीस सी.सी.च्या आसपास येते, म्हणून डिझेल इंजिन आणखी थोड्या पाण्यात मोडतं. सेल्फच्या जोराने इंजिन नुसतं अडलं तर नशीब. पण चारांतले तीन सिलिंडर पेटले आणि पाणी असलेल्या चौथ्यावर तो सगळा जोर आला, की कनेक्टिंग रॉड वाकतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते आठवणारे मुंबईकर आजही पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर गाडी वाळलेली दिसते आणि हात चावीकडे जातो. तो आवरला पाहिजे. बॅटरीची तार काढा, गाडी ओढून न्या, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडर रिकामे केल्याशिवाय सेल्फ लावू देऊ नका. साध्या विमा पॉलिसीत पाणी शिरल्यावर सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. सखल भागात राहणाऱ्याने ते घ्यावंच.

इंजिन पेटलं की ऑईलचा तुकडा सुरू होतो. सुरुवातीला सांगितलेली खडखड इथली. रात्रभरात ऑईल वरच्या भागातून खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी पंप ते पुन्हा वर चढवतो. निरोगी इंजिनाला त्यासाठी सेकंद-दोन सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात ऑईलच्या दाबावर चालणारे भाग उपाशी असतात. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर त्यातलाच. दाब येईपर्यंत ढिली चेन मार्गदर्शक पट्ट्यांवर आपटते आणि खडखडते. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ते टिकटिकतात. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारा फेजर रिकामा होऊन त्याची खीळ नीट बसली नसेल, तर दोन सेकंद कर्कश खरड ऐकू येते. होंडाच्या काही पेट्रोल इंजिनांचा हा दोष जगभर माहीत आहे.

माझ्या एका जुन्या पेट्रोल गाडीला हीच खडखड होती. गॅरेजच्या तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळा इंजिन गरम, तिन्ही वेळा उत्तर एकच. चौथ्या वेळी गाडी रात्री तिथेच ठेवली आणि सकाळी मी स्वतः गेलो. मिस्त्रींनी एकदाच सेल्फ ऐकला आणि विचारलं, "ऑईल फिल्टर कुठून घेतला होता?" फिल्टरच्या आत रबराची एक चकती असते, ती इंजिन बंद असताना ऑईल मागे उतरू देत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये ती कडक होऊन गळायला लागली होती. चेन बदलायचा हजारोंचा अंदाज आधी कुणी दिला होता, तो तीन-चारशे रुपयांच्या फिल्टरवर मिटला. प्रत्येक खडखड इतकी स्वस्तात सुटते असं नाही, पण तपास स्वस्त शक्यतेपासून सुरू व्हावा, हे मी त्या दिवशी पक्कं केलं.

चेनचं खरं दुखणं कसं असतं, ते महाराष्ट्रातल्या वाचकाला फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलवरून चांगलं कळेल. १,२४८ सी.सी.चं हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनत असे. मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरपासून टाटाच्या इंडिका व्हिस्टापर्यंत वेगवेगळ्या नावांनी ते इतक्या गाड्यांत बसलं, की लोक त्याला देशाचं इंजिनच म्हणू लागले. त्यात बेल्टऐवजी चेन आहे, आणि 'चेन म्हणजे जन्मभर बघायला नको' असं सर्रास सांगितलं गेलं. चेन तुटत नाही हे बऱ्याच अंशी खरं. पण ऑईल वेळेवर न बदलल्यास ती लांबते. तिच्या कड्यांच्या पिना काजळीने घासतात, टेन्शनरची पोच संपते, आणि सकाळची खडखड दोन सेकंदांची चार होते, चारची दहा. पुढे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडतो आणि स्कॅनरवर पी-००१६ हा कोड येऊ शकतो. कोड यायच्या कितीतरी आधी कानाने सांगितलेलं असतं.

या टप्प्यावर जाणकारांत मतभेद आहेत. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात, थंड इंजिनाची दोन सेकंदांची खडखड नॉर्मल. मी हे निम्मं मानतो. गाडी पंधरा दिवस उभी होती आणि एकदा खडखडली, तर काळजी नको. रोज खडखडते तर तपास हवा. आणि खडखडीचा वेळ महिन्यागणिक वाढतो आहे, तर 'नॉर्मल' हे उत्तर स्वीकारू नये. म्हणून सेकंद मोजून तारखेसह लिहून ठेवावेत. दुसरा सल्ला रस्तोरस्ती मिळतो: "थोडं जाड ऑईल टाका, आवाज बसेल." याला माझा ठाम विरोध आहे. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावरचा जाडपणा. १५डब्ल्यू-४० घातलं तर गरम इंजिनातली झिजलेली बेअरिंग थोडी गप्प बसेल, पण पहाटेच्या गारठ्यात तेच ऑईल वर चढायला जास्त वेळ घेईल; म्हणजे ज्या क्षणी दुखतं त्याच क्षणी दुखणं वाढेल. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं ऑईल, लिहिलेल्या मुदतीत. आणि चालू होताक्षणी अॅक्सिलरेटर दाबून गुरगुरवायची सवय सोडावी. ऑईल पोचण्याआधी दिलेली ती मोठी शिक्षा आहे.

यानंतर इंजिन गरम होईपर्यंतची काही मिनिटं. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून गार असताना तो जरा सैल असतो आणि पोकळ 'ठकठक' करतो. तापला की गप्प होतो. जुन्या गाडीत अशा आवाजाबरोबर वर्षानुवर्षं काढता येतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बारीक चीर किंवा गॅस्केट गेलेलं असेल तर 'चटचट' येते आणि धातू फुगला की चीर बुजून थांबते. हिला टॅपेट समजून अनेकांनी टॅपेट सेट करून घेतले आहेत. डिझेल गार असताना जास्त ठोकतंच, कारण थंड हवेत इंधन पेटायला उशीर लागतो आणि मग ते एकदम पेटतं. डॅशबोर्डवरचं पिवळं वेटोळं (ग्लो प्लगचा दिवा) विझेपर्यंत थांबून सेल्फ मारला तर फरक पडतो. बाराशे-पंधराशेवर घुमणारं आयडलिंग मिनिटभरात खाली आलं तर ते बरोबरच आहे; कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून संगणक मुद्दाम तसं करतो. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा सुटला तर मात्र असा खणखणाट होतो, की माणूस इंजिन खोलायला निघतो. एका क्लिपने तो मिटतो.

कोकणात राहणाऱ्याला पट्ट्याची किंकाळी ओळखीची असेल. दमट सकाळी सेल्फनंतर ऑल्टरनेटर बॅटरी भरू लागतो, पट्ट्यावर भार येतो आणि तो ओला पट्टा पुलीवर घसरतो. चालू इंजिनाच्या पट्ट्यावर, हात आणि कपडे लांब ठेवून, पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. फवाऱ्याने आवाज वाढला तर ताण कमी आहे. पट्ट्यावर पावडर किंवा साबण लावू नये. गियर न्यूट्रलमध्ये असताना येणारी घरघर क्लच दाबल्यावर बदलते का, हीही अशीच बिनखर्ची परीक्षा. बदलली तर शोध इंजिनाकडून गियरबॉक्स आणि क्लचच्या बेअरिंगकडे वळवावा.

एका आवाजाला मात्र वाट बघायची मुभा नाही. खोल, जड 'ढक-ढक', इंजिन तापल्यावरही न जाणारी, उलट ऑईल पातळ झाल्यावर वाढणारी, आणि अॅक्सिलरेटरबरोबर वेग घेणारी. गॅरेजवाले म्हणतात, बिगएंड वाजतोय. सोबत ऑईलचा लाल दिवा असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा. घरी जाऊन बघू, असं म्हणण्याएवढाही वेळ त्यात नसतो.

साधनांचं म्हणाल, तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला, ही पद्धत अजून जुनी झालेली नाही. स्टेथोस्कोप त्याचंच सुधारलेलं रूप. बहुतेक आधुनिक पेट्रोल इंजिनांना स्वतःचाही कान असतो: ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर, ठरावीक पट्टीतली कंपनं ऐकून इग्निशन मागे घेणारा. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संशोधन संस्थेत वाहनांच्या आवाजाचा नि कंपनांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. पण प्रयोगशाळेतला मायक्रोफोन तुमच्या पार्किंगमध्ये सकाळी सात वाजता नसतो. स्कॅनरवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांची पिढी आता गॅरेजांत आली आहे. त्यांना मी एवढंच म्हणेन, की झिजलेल्या रिंग गियरला सेन्सर नसतो, सुटलेल्या पत्र्यालाही नसतो. आणि केवळ कानावर जाणाऱ्यांनी मल्टिमीटरचे तीन आकडे बघायचा कंटाळा करू नये.

मोबाइलवर व्हिडिओ काढा, पण फोन मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, म्हणून त्यावर निवाडा करू नये. व्हिडिओपेक्षा शब्द उपयोगी पडतात, आणि त्या बाबतीत मराठी माणूस सुदैवी आहे. खडखड, खरखर, घरघर, कुरकुर, किरकिर, टकटक, ठकठक, चटचट, खणखण: यातल्या कोणत्याही दोन शब्दांची आपण गल्लत करत नाही. "गाडी आवाज करते" असं मोघम सांगण्याऐवजी "रात्रभर उभी राहिल्यावर, चालू झाल्यापासून तीन सेकंद, उजव्या बाजूने खडखड, दुपारी येत नाही" असं सांगितलंत, तर मिस्त्रीचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं. त्यालाही मग इंजिन खोलायची घाई करावी लागत नाही.

तेव्हा आवाज सकाळचा असेल तर शनिवारी दुपारी गाडी नेऊ नका. शुक्रवारी संध्याकाळी ती गॅरेजात सोडा, चावी तुमच्याकडेच ठेवा किंवा कुणी रात्री इंजिन चालू करणार नाही असं कबूल करून घ्या. शनिवारी सकाळी तुम्ही तिथे उभे राहा, बॉनेट उघडं ठेवा, आणि पहिला सेल्फ मेकॅनिकच्या समोर मारा.